आतली तार कोणती?


*गुरुवारचं चिंतन*



मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका बल्बचा फोटो फिरला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशामक केंद्रात हा बल्ब १९०१ सालापासून जळतोय. फोटोखाली धडाधड मेसेज आले. "जुनं ते सोनं." "आताच्या वस्तू म्हणजे वापरा आणि फेका." एका ताईंनी लिहिलं, आईचा मिक्सर वीस वर्षं चालला, माझा वॉरंटी संपल्यावर तिसऱ्या महिन्यात गेला. एका काकांनी लिहिलं, हे सगळं कलियुगाचं लक्षण.

मी पण अंगठा दाखवणार होतो, पण बोट थांबलं. मी बत्तीस वर्षं मोटार भरायचं काम केलं आहे. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, मिक्सर, चक्की, सगळं उघडून बघितलं आहे. वस्तू का टिकते आणि का जळते हे मला थोडंफार कळतं. आणि त्यातली एक गोष्ट मी फार दिवस कुणाला सांगितली नव्हती. म्हणून आजचं चिंतन जरा लांब आहे. सवडीनं वाचा, घाई नाही.

*जुनं सगळंच सोनं होतं का?*

आधी त्या बल्बचं बघू. तो जळतोय हे खरं, पण आता त्याचा उजेड झोपताना लावायच्या बारीक दिव्याएवढाच उरला आहे. शिवाय तो फारसा कधी बंद केलेला नाही. बल्बला सगळ्यात जास्त मार बसतो तो चालू-बंद करताना. आणि त्याच्याबरोबर त्या काळात तयार झालेले बाकीचे हजारो बल्ब कुठं आहेत? ते कधीच कचऱ्यात गेले. आपल्याला उरलेला एकच दिसतो आणि आपण म्हणतो, त्या काळी सगळं असंच होतं.

आपल्या घरातही हेच होतं. आजीची पितळी घागर उरली म्हणून दिसते. फुटलेली, गळलेली भांडी मोडीत गेली, ती आठवत नाहीत. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत रेडिओ एका घरात होता, बाकीचे लोक त्यांच्या ओट्यावर बसून ऐकायचे. आज मजुराच्या घरात पण पंखा आहे. वस्तू स्वस्त झाली म्हणून तो आला. हे विसरून नुसतं जुन्याचं कौतुक करणं म्हणजे ज्यांच्याकडं तेव्हा काहीच नव्हतं त्यांना विसरणं आहे.

पण म्हणून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. आमच्या अण्णांच्या मनगटावर एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं. आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूला, १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढं सेलची घड्याळं आली, कंपनी मागं पडली. २०१६ मध्ये सरकारनं तो घड्याळाचा धंदा बंद करायचं ठरवलं. अण्णांचं घड्याळ मात्र आजही चालतं. एकदा पडलं, दोनदा पाण्यात गेलं, पण प्रत्येक वेळी घड्याळजीनं मागचं झाकण काढलं, साफ केलं, तेलाचा थेंब दिला आणि परत लावलं. *ते कधी बिघडलंच नाही असं नाही. बिघडल्यावर उघडता येत होतं, म्हणून ते टिकलं.* आज माझ्या दुकानात पंखे, मिक्सर येतात तेव्हा कितीतरींना स्क्रूच नसतो. डिंकानं चिकटवलेलं असतं. उघडायला गेलं की तुटतं. हे आपोआप होत नाही. कुणीतरी बसून तसं ठरवलेलं असतं.

*जिनिव्हाची तपासणी आणि गोरोबाकाकांची तपासणी*

असं ठरवून केल्याचं एक उदाहरण इतिहासात नोंदलेलं आहे, आणि योगायोगानं ते बल्बचंच आहे. १९२४ च्या शेवटी युरोपातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्या स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात एकत्र आल्या. त्यांच्या संघाचं नाव फीबस. त्या वेळी चांगला बल्ब दीड-दोन हजार तास चालायचा. यांनी ठरवलं की हजार तासांच्या वर चालायला नको. प्रत्येक कारखान्यानं आपले नमुने तपासायला पाठवायचे. ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकेल त्याला दंड! दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत हे चाललं.

त्यांची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. तार जास्त तापवली की उजेड लख्ख पडतो, पण ती लवकर तुटते. कमी तापवली की जास्त दिवस टिकते, पण उजेड मंद आणि त्या मानानं वीज जास्त. म्हणजे हजार तासांचा बल्ब करण्यात कारागिरीचा विचार होता असं म्हणता येईल. पण मग हे लोकांना उघड सांगायचं होतं. दोन्ही बल्ब दुकानात ठेवायचे होते, ज्याला जो पाहिजे तो त्यानं घेतला असता. तसं झालं नाही. जास्त चांगलं केलं म्हणून दंड बसला, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नव्हता.

आता आपल्या जवळची गोष्ट बघा. धाराशिव जिल्ह्यात तेर गाव आहे, संत गोरोबाकाकांचं. ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताबाई ही मंडळी त्यांच्या घरी जमली होती, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे काय आहे? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. बाकीचे शांत बसले, नामदेवांना राग आला आणि ते कच्चे ठरले. पुढं त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केलं.

आपण या कथेतून अहंकाराचा बोध घेतो, ते बरोबरच आहे. पण मला या कथेत एक कुंभार पण दिसतो. भाजलेलं मडकं टणटण वाजतं, कच्चं भद वाजतं. घागर बाजारात गेल्यावर कुणाच्या घरी जाणार हे कुंभाराला माहीत नसतं. कुणी बाई ती डोक्यावर घेऊन नदीवरून येणार. वाटेत फुटली तर कुंभार तिथं नसणार. म्हणून तो घरातच वाजवून बघतो.

तपासणी जिनिव्हात पण होती, तेरला पण होती. तेरची तपासणी कच्चं बाहेर जाऊ नये म्हणून होती, आणि जिनिव्हाची पक्कं बाहेर जाऊ नये म्हणून. अवजारं, हुशारी, हिशेब यातलं जिनिव्हावाल्यांकडं काहीच कमी नव्हतं. मग फरक कुठं पडला? ज्याच्या घरी वस्तू जाणार तो माणूस एकाच्या डोळ्यांपुढं होता, दुसऱ्याच्या नव्हता.

*आता माझी गोष्ट*

२००६ चा उन्हाळा. जवळच्या एका खेड्यातले शेतकरी पाच एचपीची मोटार बैलगाडीत घालून घेऊन आले. "मिस्त्री, दोन दिवसांत भरून द्या. ऊस वाळायलाय बगा. आणि जरा कमीत करा, घरात लग्न हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटार भरणं म्हणजे आतली जळालेली तार काढून नवीन तार गुंडाळणं. ही तार तांब्याची असते. ॲल्युमिनियमची पण मिळते. ती वजनाला तिपटीहून हलकी आणि दामाला पुष्कळ स्वस्त. पण तिच्यातून वीज जाताना तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त अडथळा होतो. म्हणून तेवढंच काम करायला तार जाड लागते. जी मोटार कारखान्यातच ॲल्युमिनियमसाठी बनवलेली असते, तिच्यात जाड तारेला जागा सोडलेली असते. ती मोटार व्यवस्थित चालते, त्यात खोटं काही नाही. पण तांब्यासाठी बनवलेल्या खाचेत ती जाड तार बसत नाही. मग बारीकच भरावी लागते, आणि बारीक भरली की ती तापते.

त्या आठवड्यात माझ्याकडं तांब्याची तार संपत आली होती. भाव चढला होता. मी ॲल्युमिनियम भरलं. वार्निश केलं, पण नीट वाळू दिलं नाही, कारण दोन दिवसांचा वायदा होता. पैसे तांब्याचे घेतले. सात-आठशे रुपये सुटले असतील.

चाळिसाव्या दिवशी मोटार परत आली, जळून. मी त्यांच्यासमोरच उघडली. काळं झाल्यावर तार कशाची आहे हे अनाडी माणसाला कळत नाही. मी म्हणालो, "व्होल्टेज कमी असतंय, लाईटीनं जळाली." त्यांनी मान हलवली. आपल्याकडं लाईटीचा भरवसा कुणाला आहे? ते म्हणाले, "तुमचा काय दोष मिस्त्री, आमचं नशीब." आणि दुसऱ्यांदा भरायचे पैसे पण दिले.

त्या दुसऱ्या वेळी मी तांबंच भरलं. खाचेत कागद नीट घातला, वेढे मोजून भरले, वार्निश पूर्ण वाळवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. भीती असेल, लाज असेल.

तेरा वर्षं हे पोटात राहिलं. २०१९ मध्ये एकदा महाराजांपुढं बोललो. मला वाटलं होतं ते काही जप सांगतील, काही अनुष्ठान सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंस का?"

मी त्या गावाला गेलो. म्हातारे चार वर्षांपूर्वीच वारले होते. मुलगा भेटला. मी सगळं सांगितलं आणि पैसे पुढं केले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पैशाचं जाऊ द्या काका. पण त्या साली ऊस वाळला, आप्पांनी ताईच्या लग्नाला व्याजानं पैसे काढले, त्याचं काय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. पैसे त्यानं घेतले, चहा पण पाजला. निघताना विहिरीकडं बोट करून म्हणाला, "तुम्ही दुसऱ्यांदा भरलेली मोटार अजून चालायलीय की."

घरी येताना गाडीवर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. चाळीस दिवसांत जळालेली मोटार मीच भरली होती आणि तेरा वर्षं चाललेली पण मीच. दुकान तेच, हात तेच, वर्षही तेच. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू की *काळ बदलला* म्हणून वस्तू टिकत नाहीत?

*दोष नेमका कशात आहे?*

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वस्तू कमी टिकते हे स्वतःमध्ये पाप नाही. पत्रावळी एका जेवणापुरतीच असते, आणि जेवणाऱ्याला ते माहीत असतं. दोन वर्षं चालणारी स्वस्त चप्पल दुकानदारानं "दोन वर्षं चालेल" म्हणून विकली तर त्यात फसवणूक नाही. गरिबाला आज तेवढीच परवडते.

दोष सुरू होतो तो दोन गोष्टी एकत्र आल्या की. करणाऱ्याला आतलं माहीत आहे, घेणाऱ्याला दिसत नाही. अशा वेळी घेणारा वस्तू विकत घेत नाही, आपला विश्वास तुमच्या हातात देतो. तार मोटारीच्या आत असते, सळई काँक्रीटच्या आत असते, औषध गोळीच्या आत असतं. जिथं कुणी बघणार नाही तिथंच आपण काय घातलं, यावर तो माणूस पुढचे दिवस काढणार असतो.

आपल्या शेजारी बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथल्या शरणांनी कामालाच पूजा मानलं, त्याला ते कायक म्हणायचे. त्यांच्यात दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, नाव चालवणारे अंबिगर चौडय्या होते, चपला करणारे हरळय्या होते. विचार करा, दोराचा एक पीळ आत कच्चा राहिला तर विहिरीत उतरलेल्या माणसाचं काय होईल? म्हणून मला वाटतं, काम पूजा आहे म्हणणं सोपं नाही. मूर्तीपुढं आपण शिळं फूल ठेवत नाही. मग गिऱ्हाइकापुढं कसं ठेवतो?

*घेणाऱ्याचं पण काही आहे*

एक गोष्ट प्रेमानं सांगतो, राग मानू नका. "जरा कमीत करा" हे वाक्य मी बत्तीस वर्षांत जेवढं ऐकलं तेवढं दुसरं कुठलं ऐकलं नाही. "आत काय घालणार?" हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. माझी चूक त्यानं कमी होत नाही. पण नुसता भाव विचारणारा बाजार भावच देतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोक म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. पुढं १९१० मध्ये औंधच्या संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर महाराष्ट्रभर गेला. दोन वर्षं माल पडून असताना तो माणूस थांबला, आणि शेतकऱ्यांनी पण शेवटी पारखून घेतला. चांगली वस्तू जगायला दोन्हीकडं धीर लागतो.

आता कायदाही थोडा जागा होतोय. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं आधी घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. वस्तू आपण घेतली तर ती उघडायचा, दुरुस्त करायचा हक्क आपला, ही साधी गोष्ट आहे. पण पोर्टल असून काय उपयोग, आपण विचारलंच नाही तर?

आणि एक, सांभाळण्याचं. बिदरला नौबादजवळ बहामनी काळातली, पंधराव्या शतकातली कारेझ आहे. जमिनीखालून खोदलेला बोगदा, वरून जागोजागी विहिरीसारखी तोंडं, हलका उतार देऊन पाणी आपोआप गावाकडं आणलेलं. मोटार नाही, लाईट नाही. पाचशे वर्षांनी पण तो बोगदा जागेवर होता. मग पाणी का अडलं? गाळ साचला म्हणून, तोंडं बुजली, वर बांधकामं झाली म्हणून. बांधणाऱ्यानं आपलं काम केलं होतं, पुढच्यांनी केलं नाही. अलीकडं तिथला गाळ काढायचं काम झालं. *कितीही चांगली वस्तू असली तरी तिला दुसरा हात लागतो, सांभाळणाऱ्याचा.* मिक्सरमध्ये सुकी हळकुंडं घालून दहा मिनिटं चालवायचा आणि कंपनीला शिव्या द्यायच्या, हे पण मी दुकानात रोज बघितलं आहे.

*या आठवड्यासाठी*

महाराज नेहमी म्हणतात, ऐकलेलं एक तरी करून बघा. म्हणून तीन साध्या गोष्टी.

१. आपण जे काम करतो त्यात न दिसणारा भाग कोणता, तो शोधायचा. दूध घालणाऱ्यानं, गवंड्यानं, शिक्षकानं, स्वयंपाक करणाऱ्या आईनं, सगळ्यांनी. आणि एक दिवस फक्त तो भाग नीट करायचा.

२. पुढची वस्तू घेताना भावाआधी दोन प्रश्न विचारायचे. आत काय आहे? आणि बिघडली तर उघडता येते का?

३. घरात एखादी बिघडलेली वस्तू पडून असेल तर ती फेकायच्या आधी एकदा मिस्त्रीकडं न्यायची. मुलांना बरोबर न्या. आत काय असतं ते त्यांना बघू द्या.

मी आता दुकान मुलाकडं दिलं आहे. त्याला एकच सांगितलं आहे. गिऱ्हाइकाला तार दाखवूनच भरायची. ॲल्युमिनियम पाहिजे म्हणाला तर त्यानं होणारं नुकसान सांगायचं, आणि तरी हवीच असेल तर पावतीवर "ॲल्युमिनियम" असं लिहून द्यायचं. काही लोक दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

त्या शेतावर मी वर्षातून एकदा जाऊन येतो. मोटारीला हात लावून बघतो, जास्त तापत तर नाही ना. मुलगा आता हसून म्हणतो, "काका, आलाव का तपासायला?" मी पण हसतो. त्या वर्षीच्या उसाबद्दल मात्र दोघंही बोलत नाही.

पटलं तर आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर मला सांगा. आणि कुणाच्या पोटात माझ्यासारखी एखादी मोटार असेल तर तेरा वर्षं थांबू नका.

*जय गुरुदेव* 🙏
— आपला एक गुरुबंधू, हुलसूर